घरातली धडधाकट

त्या घरात स्वयंपाकाचे ओटे दोन होते. खिडकीजवळचा दादाचा आणि दाराजवळचा बाकीच्यांचा. दादाच्या ओट्यावर गव्हाचा कणसुद्धा जायचा नाही. त्याची भांडी वेगळी, फडकी वेगळी, घासणीदेखील वेगळी. दाराजवळच्या ओट्याला हात लागला तर आई कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायची आणि मगच खिडकीकडे वळायची.

दादा दोन वर्षांचा असताना मरता मरता वाचला होता. जुलाब थांबत नव्हते, पोट ढोलासारखं फुगलेलं, हातापायांच्या काड्या झालेल्या. एका म्हाताऱ्या डॉक्टरने त्याला नुसतं बघून सांगितलं, “याला सीलिअ‍ॅक आहे. गव्हातलं ग्लुटेन याचं आतडं सोलून काढतंय. औषध नाही. जन्मभर गहू बंद.” गहू बंद केला आणि महिनाभरात पोरगं अंगणभर पळायला लागलं. तेव्हापासून आईने त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. पोराला एकट्याला वेगळं खावं लागतं याचं वाईट वाटू नये, म्हणून तिने स्वतःही गहू सोडला. नातेवाइकांत तिचं उदाहरण द्यायचे. आई असावी तर अशी.

त्याच्या पाठची बहीण. उंची वाढेना म्हणून तिला आधी घरातले, मग शाळेतले बुटकी म्हणायला लागले आणि तेच नाव राहिलं. ती घरातली धडधाकट. तिला सगळं चालायचं. वडील होते तोवर पाव दोघांत संपायचा. ते गेल्यावर तो तिच्या एकटीसाठी यायला लागला आणि आई तसं बोलूनही दाखवायची, “तुझ्यासाठी मुद्दाम आणावा लागतो, टाकायचा नाही.” शिळा झाला तरी बुटकी तो चहात बुडवून संपवायची. तिचं पोट दुखायचं, फुगायचं, तोंड सदा आलेलं असायचं. आई म्हणायची, “अधाश्यासारखं खाल्लं की होतं तसं.” दादा म्हणायचा, “माझ्यासारखं खरंच काही असतं ना, म्हणजे कळलं असतं तुला.”

मोठेपणी दादा विमा कंपनीत चिकटला. सीलिअ‍ॅकच्या रुग्णांची एक संघटना होती, तिचा तो चिटणीस झाला. बोलायला गोड आणि आठवणीने पक्का. नव्याने निदान झालेल्या मुलांच्या आयांना तो समोर बसवून सांगायचा, “घाबरू नका. माझ्याकडे बघा. शिस्त हेच औषध.” कुणाच्या लग्नाला गेला तरी स्वतःचा डबा सोबत. लोक कौतुकाने म्हणायचे, हा जेवायला येत नाही, जेवण घेऊन येतो. त्याने स्वतः मात्र लग्न केलं नाही. आईसारखं सांभाळणारी कुठून मिळणार, असं तो म्हणायचा आणि आईला ते ऐकायला आवडायचं.

बुटकी मोठ्या लाँड्रीत लागली. हॉटेलांच्या चादरी आणि टेबलांची कापडं तिथे धुवायला यायची. गरम रोलरच्या मशीनमध्ये ओली चादर दोन्ही कोपरे धरून ताणून सरकवायची, हे तिचं काम. दुपारपर्यंत तिचे खांदे गळून जायचे. शेजारची बाई म्हणायची, “तुझ्या अंगात रक्त आहे की धुवायचा सोडा?” लग्नही झालं होतं तिचं, एका गॅरेजमधल्या मेकॅनिकशी. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा पोटातच गेलं. दुसऱ्या वेळी नवऱ्याने तिची बॅग भरून दिली. आता त्याला दुसरीपासून मुलं आहेत. बुटकी आईकडे परत आली ती मागच्या खोलीत. आईने एवढंच म्हटलं, “एकाचं करता करता माझी कंबर मोडली. तू तरी नीट नांदायचं होतंस.”

संघटनेच्या एका सभेत एक डॉक्टरबाई आल्या. त्या या आजारावर संशोधन करत होत्या. रुग्णांच्या भावंडांत आणि आईवडिलांत हा आजार कितीदा न कळता लपून असतो, ते त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी घरच्यांचं रक्त हवं होतं. दादाने तिथल्या तिथे उभं राहून सांगितलं, “सुरुवात माझ्या घरापासून करा.” टाळ्या पडल्या.

बुटकीला अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागली. तिची कुरकुर ऐकून दादा म्हणाला, “जन्मात एकदा माझ्या आजाराच्या कामी ये की.” तिघांनी ओळीने हात पुढे केले. रक्त काढणाऱ्या मुलीला बुटकीची शीर सापडेना. तिने दोनदा सुई टोचली, मग दुसऱ्या हातावर.

काही आठवड्यांनी बोलावणं आलं ते एकट्या बुटकीला. तिला वाटलं, रक्त कमी पडलं असेल. डॉक्टरबाईंनी तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की तिच्या रक्तात या आजाराच्या खुणा इतक्या जास्त आहेत की यंत्राची मोजायची हद्दच संपली. नक्की करायला तोंडातून दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा बघावा लागेल.

“माझ्या? दादाच्या म्हणायचंय का तुम्हाला?”

“तुमच्याच, ताई.”

तपासणी झाली. आठवड्याने बाईंनी तिला पडद्यासमोर उभं केलं. त्या तरुण होत्या, हुशार होत्या आणि त्या दिवशी फार खूश होत्या. “निरोगी आतडं आतून मखमलीसारखं असतं. बारीक बारीक धागे उभे असतात, ते अन्न शोषतात. हे बघा तुमचं.” पडद्यावर जांभळट रंगाची सपाट पट्टी होती. “एकही धागा नाही. फरशी आहे नुसती. पुस्तकात छापावं इतकं स्वच्छ चित्र आहे हे. तुम्ही खाल्लेलं आजवर अंगी लागलंच नाही. उंची, रक्त, तोंड येणं, सगळं त्यातून. वर्षानुवर्षांचं आहे. बहुतेक लहानपणापासूनचं.”

बुटकी त्या फरशीकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, “पोटातलं मूल जातं का याने?”

बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी पेन खाली ठेवलं. “तुमचं गेलंय का?”

“दोनदा.”

“तुमची त्यामुळेच गेली असं छातीठोकपणे मी नाही सांगू शकत. पण निदान न झालेल्या बायकांमध्ये हे जास्त दिसतं.”

“आणि तेव्हा कळलं असतं तर? गहू सोडला असता तर?”

“कदाचित राहिलं असतं,” बाई म्हणाल्या. मग पेन पुन्हा उचलत त्यांनी विचारलं, “तुमचं वय आता काय?”

बुटकीने सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं आणि कागद उलटला.

पुढच्या वेळी बाईंनी तिघांना एकत्र बोलावलं. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. बहिणीला आजार निघाला हे त्याला तोवर कळलं होतं आणि त्याने ते मोठ्या मनाने घेतलं होतं. “घाबरू नकोस, मी आहे ना शिकवायला,” असं तो तिला वाटेत म्हणाला होता.

बाईंनी पहिल्यांदा आईला विचारलं, “गहू सोडायच्या आधी तुमची तब्येत कशी असायची?”

“वाईट. बाळंतपणांनंतर पार खंगले होते. चक्कर यायची. पण याच्यासाठी उभं राहायचं होतं, उभी राहिले.”

“हा आजार व्हायला एक ठरावीक जनुक अंगात लागतं. ते तुमच्यात आहे. तुम्ही इतकी वर्षं गहू खाल्ला नाही, म्हणून रक्तात आता काही दिसत नाही. पण बहुधा आजार तुम्हालाही होता. मुलासाठी गहू सोडलात आणि स्वतः बऱ्या झालात. मुलीला ते जनुक तुमच्याकडूनच गेलंय.” मग त्या दादाकडे वळल्या आणि त्यांचा आवाज जरा सावध झाला. “तुमच्यात ते नाही. ते किंवा त्याच्या जोडीचं, दोन्हींतलं एकही नाही. म्हणून तुमचं रक्त परत तपासलं, वेगळ्या यंत्रावर. जनुक असलं म्हणजे आजार होतोच असं नाही. पण नसलं तर हा आजार होत नाही. जवळजवळ नाहीच.”

“म्हणजे?” दादाने विचारलं.

“लहानपणी तुम्हाला दुसरं काहीतरी झालं असावं. आतड्याचा एखादा जंतुसंसर्ग. तो आपोआप बरा झाला, आणि नेमका तेव्हाच गहू बंद केलेला होता. त्या काळी आतड्याचा तुकडा कुणी तपासला नाही. तुम्ही गहू खाऊ शकता. खात्री हवी असेल तर आमच्या देखरेखीखाली काही आठवडे खा, मग दुर्बिणीने बघू.”

दादा खुर्चीत पुढे सरकला. “मला मारायचंय का तुम्हाला?” तो म्हणाला. “मी या आजाराचा चिटणीस आहे.”

बाईंना हसू आलं असावं, पण त्यांनी ते दाबलं. “काखेत कळसा म्हणतात तसं झालंय हे,” त्या म्हणाल्या. “एका घरात तिघं. ज्याला गरज नव्हती त्याला पथ्य, जिने प्रेमापोटी पाळलं ती बरी झाली आणि जिला आजार, तिलाच तेवढा पाव. इतकं बोलकं कुटुंब माझ्या अभ्यासात दुसरं नाही.”

आई उठली. “रक्ताच्या बाटल्या बदलल्या असतील तुमच्या,” ती म्हणाली आणि दादाचा हात धरून बाहेर पडली. बुटकी मागे राहिली. बाईंनी तिला काय खायचं आणि काय नाही ते समजावलं. तिच्या डोक्यात काही शिरलं नाही. पण ते सगळं तिला पाठ होतं. जन्मभर दुसऱ्याच्या ताटात बघून झालेलं पाठ.

तिघांचं रक्त पुन्हा काढलं. तेच आलं.

निकाल कळला त्या संध्याकाळी आई बुटकीशी बोलली ती तिच्याकडे न बघता. “लहानपणापासून त्याच्या वाट्याचं सगळं तुला हवं असायचं. त्याचं दूध, त्याची गादी. एक आजारपण तेवढं त्याचं उरलं होतं. तेही घेतलंस.”

“मी घेतलं?”

“मग कुणी?”

बुटकी खिडकीजवळच्या ओट्याकडे गेली. तिथे भात झाकून ठेवला होता. तिने झाकणाला हात लावला तशी आई ओरडली नाही, नुसतं म्हणाली, “तिकडे नको. जन्मभर गहू खाल्लेले हात तुझे. त्याला काही झालं तर?”

“त्याला काही होत नाही, आई. आत्ताच सांगितलं ना बाईंनी.”

“हात काढ.”

बुटकीने हात काढला. दुसऱ्या दिवशी तिने विजेची छोटी शेगडी आणि एक पातेलं विकत आणलं आणि मागच्या खोलीत बटाटे नि भात उकडायला सुरुवात केली. आई पाव आणतच राहिली. बुटकीच्या ताटलीत तो रोज असायचा, वरून झाकलेला. “आणलाय तर संपव. इतकी वर्षं पचला तो.” एक दिवस लाँड्रीतली एक बाई आली नव्हती म्हणून बुटकीवर दोघींचं काम पडलं. घरी आली तेव्हा तिच्यात शेगडी पेटवायचं त्राण नव्हतं. तिने तो पाव खाल्ला. थोडे दिवस पोटाला आराम मिळाला होता म्हणून की काय, या वेळी पोट सूड घेतल्यासारखं उलटलं. ती न्हाणीघरात गुडघ्यांवर ओकत होती आणि आई दाराबाहेरून म्हणाली, “नाटकं दादाला दाखव. तो फसेल.”

दादा फसला नाही, पण आला. खोलीच्या दारात उभं राहून हळू आवाजात म्हणाला, “हे बघ, तुझं पथ्य तू पाळ, माझी ना नाही. पण माझं बाहेर बोलू नकोस. शेकडो माणसं माझ्याकडे बघून पथ्य पाळतात. उद्या कळलं की याला आजारच नव्हता, तर ती म्हणतील आमचंही खोटं असेल. पोरं मरतील, बुटके.”

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. म्हणून तिने बाहेर कुणाला सांगितलं नाही.

पुढे एकदा लाँड्रीच्या गाडीवरचा माणूस सुट्टीवर गेला आणि टेबलांची कापडं पोचवायला सुपरवायझरने बुटकीला पाठवलं. हॉटेल शहराच्या दुसऱ्या टोकाला. मागच्या दाराने ती आत शिरली आणि गठ्ठा ठेवायला जेवणघरात डोकावली. वेळ दुपारची, गर्दी नव्हती. कोपऱ्यातल्या टेबलाशी दादा बसला होता. समोर टोस्ट, लोणी आणि केकचा अर्धा तुकडा. तो डोळे मिटून चावत होता, सावकाश, लहान मूल गोळी चघळतं तसा.

ती टेबलापाशी गेली. त्याने डोळे उघडले. आधी दचकला, मग समोरची खुर्ची पायाने पुढे सरकवली. ती बसली नाही.

“किती दिवस चाललंय?”

“बाईंनी सांगितलं त्याच महिन्यापासून.” त्याने ओठावरचा चुरा पुसला. “पहिल्या दिवशी दवाखान्याच्या दारात बसून पाव खाल्ला. म्हटलं, काही झालं तर आत नेतील. काही झालं नाही. मग रोज खाल्ला. काहीच होत नाही मला.” त्याने टोस्ट खाली ठेवला. “मावशीच्या लग्नातला तो केक आठवतो? सगळी पोरं खात होती. मी टेबलाखाली बसून रडत होतो. त्या दिवशी खाल्ला असता तरी चाललं असतं.”

बुटकीला क्षणभर त्याची कीव आली. “दादा, आईला सांग. मग ती मला त्या ओट्यावर शिजवू देईल.”

“नाही.”

“का?”

“तिच्याकडे दुसरं आहे काय? आणि माझ्याकडे तरी?” त्याने केकचा तुकडा पुढ्यात ओढला. “तू सांगितलंस तर मी म्हणेन, खोटं बोलते. ती कुणावर विश्वास ठेवेल, ते तुला माहीत आहे.”

ते तिला माहीत होतं. तरी तिने सांगितलं. रविवारी दादा सभेला गेला होता आणि आई त्याच्यासाठी तांदूळ निवडत बसली होती. बुटकी समोर बसली आणि हॉटेलातलं जे पाहिलं ते सगळं तिने सरळ सांगून टाकलं.

आईचे हात थांबले नाहीत. “माहीत आहे मला,” ती म्हणाली. “त्याच्या खिशात चुरा सापडतो धुताना.”

“मग हे काय करतेस? वेगळी भांडी, वेगळी फडकी?”

“त्याला हवं आहे म्हणून करते.”

“आणि मला हवं आहे ते? मी खरंच आजारी आहे, आई.”

आईने एक खडा बाजूला टाकला. “तू तीन वर्षांची होतीस,” ती म्हणाली, “तेव्हा तुझं पोट अगदी त्याच्यासारखं फुगलं होतं. मी रोज बघायची. मला कळत होतं. मी काय आंधळी होते?”

बुटकीला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. “मग डॉक्टरकडे का नाही नेलंस?”

“नेलं असतं तर त्याने तेच सांगितलं असतं. एका घरात दोन आजारी मुलं मला पेलली नसती. एक तरी धडधाकट हवं होतं मला. तू चिवट होतीस, जुलाब व्हायचे तरी उठून खेळायला जायचीस. म्हटलं, ही निभावेल.” तिने ताट जरा हलवलं, तांदूळ पसरले. “निभावलंसच की.”

बाहेर कुणाच्या तरी घरी रेडिओ लागला होता. बुटकीला रडू आलं नाही. तिला झोप आली, इतकी की तिथेच जमिनीवर आडवं व्हावं. आई तांदूळ घेऊन खिडकीकडच्या ओट्यापाशी गेली आणि नळ सोडून कोपरापर्यंत हात धुवायला लागली.

लाँड्रीतल्या शेजारच्या बाईच्या चाळीत एक खोली रिकामी होती. बुटकीने शेगडी, पातेलं आणि चार कपडे नेले. दादाने अडवलं नाही. आईने विचारलं, “पावाचं काय करू? रोजचा सांगून ठेवलाय.” बुटकीने शेगडीची वायर गुंडाळली.

नव्या खोलीत ती पोटभर जेवायला लागली. भात, बटाटे, डाळ, अंडी. तोंड येणं आधी थांबलं. मग जिन्यावर दम लागेना. ओठांना रंग आला. शेजारची बाई म्हणाली, “अगं, तुला गाल आहेत की.” डॉक्टरबाईंनी वर्षाने पुन्हा दुर्बीण घातली, तेव्हा त्या सपाट फरशीवर बारीक धागे उगवायला लागले होते. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी सहकाऱ्यांना हाका मारून पडद्याजवळ आणलं. मग त्यांनी परवानगी मागितली. परदेशातल्या परिषदेत हे कुटुंब दाखवायचं होतं, नावाशिवाय, नुसते बाईसाठी गोल आणि पुरुषासाठी चौकोन, आजारी असेल तो काळा. आईचा गोल, दादाचा पांढरा चौकोन, बुटकीचा काळा गोल.

“खाली दोन छोटे गोल काढा,” बुटकी म्हणाली. “माझ्याखाली.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. “गेलेल्या गर्भासाठी आम्ही छोटा त्रिकोण काढतो,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

“मग त्रिकोण काढा.”

तब्येत सुधारली तसं आणखी एक झालं, ज्याची बाईंनी कल्पना दिली नव्हती. तिला राग यायला लागला. आजवर तिला राग म्हणून कधी आलाच नव्हता. लोक तिला सोशिक म्हणायचे, आणि तिलाही आपण तशाच आहोत असं वाटायचं. आता कळलं, ती सोशिक नव्हती, दमलेली होती. रागाला सुद्धा अंगात रक्त लागतं. तो सकाळी तिच्याबरोबर उठायचा, दात घासताना आरशात दिसायचा, भात उकळताना शेजारी बसायचा. नवऱ्याचा राग आला, त्या म्हाताऱ्या डॉक्टरचा आला, दादाचा तर आलाच. पण ते सगळे येऊन जायचे. एक जायचा नाही.

दादाचे निरोप यायला लागले. आई थकली आहे. आई जेवत नाही. आई विचारते, बुटकी कधी येणार. बुटकी दर वेळी सांगायची, काम आहे.

मग एका सकाळी सुपरवायझर मशीनपाशी आला. “तुझी आई आलीय. बाहेर बाकावर बसलीय. बस बदलून आली म्हणते, चेहरा अगदी उतरलाय. जा, भेटून ये. मी बघतो इथलं.”

काचेच्या दारातून आई दिसत होती. मांडीवर पिशवी घेऊन, दोन्ही हात पिशवीवर. पहिल्यापेक्षा लहान दिसत होती. आत बघायचा प्रयत्न करत होती, पण वाफेने काच धुरकटलेली असल्यामुळे तिला आतलं काही दिसत नसावं.

“तिला सांगा, मशीन चालू आहे,” बुटकी म्हणाली.

“अगं, मी म्हटलं ना, मी बघतो.”

“मशीन चालू आहे, सांगा.”

सुपरवायझर बाहेर गेला. आईने त्याचं ऐकलं, मान हलवली, पण उठली नाही. चहाची सुट्टी झाली. बाकीच्या बायका बाहेर जाऊन आल्या. एकीने येऊन सांगितलं, “पाणी दिलं मी त्यांना. तू जात का नाहीस?” बुटकीने ओल्या चादरीचे दोन कोपरे उचलले, झटकले, ताणले आणि रोलरमध्ये सरकवले. मग पुढची. मग त्याच्या पुढची.

जेवायच्या सुट्टीच्या जरा आधी बाक रिकामा झाला. बुटकीने एकदा तिकडे बघितलं, आणि ढिगातली पुढची चादर ओढली. तिचे हात मुळीच दुखत नव्हते.